गुलाबी कॉपीपर्यंत

सकाळी पावणेसातला मूल घेऊन विमलमावशींच्या दारात गेलं की त्या आधी त्याचा कोट काढायच्या, मग त्याला पाठमोरं उभं करायच्या आणि दोन खांद्यांच्या मधोमध कान लावायच्या. "घे श्वास. मोठा घे. सोड." स्टेथोस्कोप नाही, नर्सिंग नाही, मॅट्रिकच्या पुढे शाळा नाही. पण कान लावून झाला की निकाल लागायचा. "आज घरघर आहे जरा. दुपारी फोन केला तर निघून यायचं." मी म्हणायची, "मावशी, बँकेत मॅनेजरला काय सांगू?" तर म्हणायच्या, "पोरगी आजारी आहे म्हणून सांग. त्यात काय लपवायचंय?"

'काय लपवायचंय' हे त्यांचं पालुपद होतं. वरण करपलं तर करपलं म्हणून सांगायच्या. एखाद्या मुलाने दुसऱ्याला चावलं तर दोघांच्या आयांना एकाच वेळी, एकमेकींसमोर सांगायच्या. आम्हा मराठी बायकांना हे फार जड जायचं. आम्ही सगळ्या 'सगळं छान चाललंय' म्हणायच्या सवयीच्या. माझं स्वतःचं तोंड फटकळ आहे असा माझा लौकिक, पण मी फटकळ इतरांच्या बाबतीत. मावशी स्वतःच्या बाबतीत फटकळ होत्या, आणि तो प्रकार वेगळा असतो हे मला त्यांच्याकडे बघून कळलं.

त्यांचं घर शिकागोत, डेव्हन ॲव्हेन्यूपासून चालत पाच मिनिटांवर, विटांच्या दुमजली इमारतीत खालच्या मजल्यावर. त्यांचे यजमान दिनकरकाका एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. सज्जन माणूस, पण 'कशाला उगाच' याच्यापुढे त्यांचं वाक्य जायचं नाही. स्वतःचा मुलगा कॉलेजला दूर गेला तेव्हा मावशींनी घरात मुलं सांभाळायला सुरुवात केली. ते साल त्र्याऐंशीच्या आसपासचं. माझी मुग्धा दोन वर्षांची होती आणि मला नुकतीच बँकेत नोकरी लागली होती. मावशी भेटल्या नसत्या तर मी नोकरी सोडून घरी बसले असते, यात मला आजही शंका नाही.

दुसरी खोड खिडक्यांची. शिकागोचा जानेवारी, बाहेर श्वासाचासुद्धा बर्फ होईल अशी थंडी, आणि ही बाई रोज दहा वाजता घरातल्या सगळ्या खिडक्या दहा मिनिटं उघडायची. मुलांना सोफ्यावर ओळीने बसवून गोधड्यांत गुंडाळायची, नाकं तेवढी बाहेर, आणि हवा बदलेपर्यंत सगळ्यांनी बेचा पाढा म्हणायचा. त्यात टॉमी नावाचा एक पोलिश मुलगा होता. त्याची आई बार्बरा बेकरीत कामाला. तो टॉमी घरी जाऊन 'बे दुणे चार' म्हणत फिरायचा आणि बार्बराला वाटायचं, ही काहीतरी प्रार्थना असावी. काका गॅसच्या बिलाबद्दल कुरकुरायचे. मावशी म्हणायच्या, "कोंडलेल्या खोलीत पोरं ठेवणार नाही मी." एवढंच. कारण कधी सांगितलं नाही, आणि आम्हीही त्याला म्हातारपणाची लहर समजून सोडून दिलं. त्या तेव्हा जेमतेम अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या, पण तिशीतल्या आम्हाला त्या म्हाताऱ्या वाटायच्या.

तीनच मुलं होती तोवर कुणी काही विचारत नव्हतं. मग डॉक्टर सामंतांची दोन मुलं आली, आणखी एक आलं, आणि लायसन्स काढणं भाग पडलं. लायसन्सच्या ऑफिसातून मिसेस पार्कर नावाच्या एक बाई यायच्या. उंच, काळ्या, बोलायला मोजक्या. त्यांनी नळाच्या पाण्यात थर्मामीटर घातला, इलेक्ट्रिकचे सगळे प्लग मोजले, जिन्याचा कठडा हलवून पाहिला आणि शेवटी फॉर्म दिले. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची टीबी टेस्ट करून आणायची, असा नियम होता. मुलं सांभाळायची म्हणजे तो असायलाच हवा, मावशींना त्याबद्दल काही म्हणायचं नव्हतं.

ती टेस्ट म्हणजे हाताच्या आतल्या बाजूला कातडीखाली एक सुई टोचतात, बारकीशी फुगी येते, आणि दोन-तीन दिवसांनी नर्स ती फुगी पट्टीने मोजते. काकांना सुई बघूनच घेरी आली, त्यांना खुर्चीत बसवावं लागलं. पण दोन दिवसांनी त्यांच्या हातावर काही उमटलं नाही. मावशींचा हात मात्र भप्प सुजला, लाल झाला, खाजायला लागला. आता आपल्याकडची बाई सूज आली तर काय करेल? मावशींनी हळद तेलात गरम करून चांगला जाड लेप दिला आणि वर जुन्या धोतराची पट्टी बांधली. तिसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये पट्टी सोडली तर मनगटापासून कोपरापर्यंत हात पिवळाधमक. नर्स आतून डॉक्टरला घेऊन आली, कारण तिला वाटलं हिला कावीळ झालीय. मावशींनी तिला हळदीचे गुण समजावून सांगितले. नर्सने स्पिरिटने हात पुसला, मोजपट्टी लावली आणि चौदा मिलिमीटर लिहिलं. टेस्ट पॉझिटिव्ह.

याचा अर्थ एवढाच की शरीराची त्या जंतूशी कधीतरी गाठ पडलेली आहे. रोग आहे असा त्याचा अर्थ नाही, ते एक्स-रे बघून ठरतं. लहानपणी शाळेत बीसीजीची लस टोचली असेल तरीसुद्धा हात सुजू शकतो, आणि आपल्यातल्या निम्म्या लोकांना ती टोचलेली. तेव्हा यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण क्लिनिकच्या फॉर्मवर एक प्रश्न होता: क्षयाच्या रोग्याशी कधी निकटचा संबंध आला होता का? आला असल्यास नाव आणि नातं लिहा.

मावशींनी तो फॉर्म घरी आणला. त्या संध्याकाळी मी मुग्धाला न्यायला गेले तेव्हा डॉक्टर सामंतही मुलांना न्यायला आले होते. स्वयंपाकघराच्या टेबलावर फॉर्म पसरलेला, पांढरी कॉपी, खाली पिवळी, खाली गुलाबी, मध्ये कार्बन.

डॉक्टरांनी फॉर्म वाचला आणि हसले. "वहिनी, इथे 'नो' लिहा. बीसीजीमुळे पॉझिटिव्ह आली म्हणून सांगा आणि मोकळ्या व्हा. मी लेटर देतो."

"बीसीजी आहेच," मावशी म्हणाल्या. "पण गोदाअक्काही आहे."

"कोण गोदाअक्का?"

काका म्हणाले, "कशाला उगाच."

मग मावशींनी सांगितलं. कणीक मळता मळता, आवाज न चढवता. कराडकडच्या एका गावात त्यांचं माहेर. पाच बहिणी. थोरली गोदा, एकोणीस वर्षांची, तिला क्षय झाला. घरात क्षय आहे हे गावाला कळलं तर बाकीच्या चौघींची लग्नं होणार नाहीत, म्हणून तिला मागच्या खोलीत ठेवलं. त्या खोलीला खिडकी नव्हती. विचारणाऱ्यांना सांगितलं, गोदा मामाकडे गेलीय. अकरा वर्षांची विमल तिचं ताट घेऊन जायची, तिची वेणी घालायची, पाठीला कान लावून घरघर ऐकायची, कारण अक्काच म्हणायची, बघ गं, आज कमी आहे का. आठ महिन्यांनी ती गेली. खोकल्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तोंडात पदर कोंबून खोकायची, असं मावशींनी सांगितलं. त्यानंतर त्या घरात तिचं नाव कुणी घेतलं नाही. फोटो नाही. तुम्ही बहिणी किती, असं कुणी विचारलं की चार म्हणायचं. लग्नाच्या वेळी काकांच्या घरीसुद्धा चारच सांगितल्या.

"दिनकररावांना मी लग्नानंतर सहा वर्षांनी सांगितलं," मावशी म्हणाल्या. "आणि आता हे सरकार विचारतंय. आजपर्यंत मला कुणी विचारलं नव्हतं. विचारल्यावर मी नाही म्हणू?"

डॉक्टर म्हणाले, "वहिनी, फॉर्म भरायचा असतो. त्याच्याशी खऱ्याखोट्याचा संबंध नसतो. उद्या लायसन्स अडकलं तर?"

"अडकू दे."

त्यांनी पीठ लागलेला हात पुसला आणि लिहिलं. येस. गोदावरी. सिस्टर. फॉर्मच्या वरच छापलं होतं की जोर देऊन लिहा, तीन प्रती होत आहेत. मावशींनी इतका जोर दिला की पेन कागदातून आरपार जाईल असं मला वाटलं. मी मध्ये बोलले, लाज वाटते पण बोलले. म्हटलं, "मावशी, आमच्या मुलांचाही विचार करा. तुमचं बंद झालं तर आम्ही कुठे जायचं?" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मुग्धाचे बूट आणून हातात दिले.

लायसन्स अडकलंच. एक्स-रे आणि मोठ्या क्लिनिकचं पत्र येईपर्यंत मुलं घ्यायची नाहीत, असं ऑफिसातून कळवलं. तीन आठवडे लागतील म्हणाले. दुसरी कुणी असती तर तिने 'भाची आजारी आहे, जरा गावाला जाते' असं काहीतरी सांगून दार लावलं असतं. मावशींनी सहाही मुलांच्या आईबापांना दारात थांबवून एकेकाला सांगितलं: टेस्ट पॉझिटिव्ह आली, बहिणीला टीबी होता, एक्स-रे व्हायचाय, तोवर बंद. बार्बराला त्यांचं इंग्लिश अर्धंच कळलं असेल. ती म्हणाली, "माय अंकल ऑल्सो," आणि खांदे उडवून विचारलं की मग नक्की कुठल्या सोमवारी आणू. बाकीच्यांचे चेहरे पडले.

आठवडाभरात सगळ्या महाराष्ट्र मंडळात झालं: विमलला टीबी झालाय. हे पसरवणारे कोण, तर एम.डी. आणि पीएच.डी. झालेले लोक. सामंतांनी मुलं दुसरीकडे टाकली, आणखी एका मराठी घराने टाकली. डॉक्टरांच्या बायकोने, नीलिमाने, मला फोन करून सांगितलं की आम्ही मुलांचे कप आणि ब्लँकेट फेकून दिले, तूही दे. आणि मी, एवढी तोंडाळ बाई, काय केलं? मुग्धाची गोधडी गरम पाण्यात दोनदा धुतली. फेकली नाही, एवढंच.

त्याच आठवड्यात संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, सामंतांच्याच बेसमेंटमध्ये. मावशी येणार नाहीत असं सगळ्यांनी धरलं होतं. त्या आल्या. बर्फाचे बूट दारात काढून, काळी चंद्रकळा नेसून, सगळ्यांच्या मधल्या खुर्चीवर बसल्या. शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या राहिल्या. नीलिमाने सगळ्यांच्या कपाळाला बोट लावलं, मावशींच्या पुढे मात्र करंडा धरला, तुम्हीच लावून घ्या म्हणून. तिळगूळ सगळ्यांच्या हातात दिला आणि मावशींचा कागदाच्या प्लेटमध्ये ठेवला.

मावशींनी स्वतःच्या हाताने कुंकू लावलं. मग उभ्या राहिल्या.

"सगळ्यांना काहीतरी विचारायचंय आणि कुणी विचारत नाही, तर मीच सांगते," त्या म्हणाल्या. "आधी डाव्या दंडावरची बाही वर करा."

मावशींनी स्वतःची बाही वर सारली. "हे दोन मोठे वण देवीचे. हा त्याच्यावरचा बारका बीसीजीचा. करा वर."

त्यात कुणाच्या तरी सासूबाई इंडियातून आलेल्या होत्या, कोपऱ्यात बसलेल्या. त्यांना वाटलं हा संक्रांतीचा काही खेळ आहे. त्यांनी उत्साहाने स्वेटर काढला आणि दंड पुढे केला. त्यावर एक-दोघी हसल्या आणि मग सगळ्यांचीच पंचाईत झाली. घट्ट रेशमी ब्लाउजच्या बाह्या वर जाईनात. कुणी हुक सैल करतंय, कुणी नुसतं चाचपून बघतंय. बघता बघता अख्ख्या बेसमेंटभर उघडे दंड, आणि जवळजवळ प्रत्येक दंडावर तो बारका वण. नीलिमाच्याही.

"मला टोचलं तसं उद्या तुम्हाला टोचलं," मावशी म्हणाल्या, "तर यातल्या कितीतरी जणींचा हात सुजेल. मग तुमचेही कप फेकायचे का?"

नीलिमाने बाही खाली ओढली.

"आणि ज्यांच्या घरात हा रोग होऊन गेला त्यांनी हात वर करा, असं काही मी म्हणणार नाही. कारण तुम्ही करणार नाही. मी चाळीस वर्षं केला नाही."

माझा हात मांडीवर होता. माझे सख्खे काका, नाना, नागपूरला याच रोगाने गेले. आमच्या घरी सांगायचे, पोटाचा विकार होता. व्हिसाच्या फॉर्मवर तो प्रश्न आला तेव्हा मी नो लिहिलं होतं. त्या दुपारी हात वर केला नाही, म्हणून आज इथे लिहून ठेवते.

मावशींनी कागदी प्लेट उचलली, तिळगूळ खाल्ला, नीलिमाला गोड बोला म्हणाल्या आणि बूट घालून निघून गेल्या.

एक्स-रे स्वच्छ निघाला. औषध घेण्याचीही गरज नाही असं पत्र आलं. पण मावशींना पत्रावर भागवायचं नव्हतं. त्यांना एक्स-रेची फिल्म हवी होती. क्लिनिकवाले म्हणाले, फिल्म देत नाही आम्ही. मावशी म्हणाल्या, "माझी छाती, माझा फोटो," आणि कॉपी मिळेपर्यंत सलग चार सकाळी तिथल्या बाकावर जाऊन बसल्या. ती फिल्म त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीत दोन चिमटे लावून टांगली. फुटपाथवरून जाणाऱ्या कुणालाही दिसेल अशी. सकाळी ऊन आलं की विमलमावशींच्या बरगड्या टेबलावर पडायच्या आणि मुलं त्यावर बोट ठेवून मोजायची.

मिसेस पार्कर शेवटच्या भेटीला आल्या तेव्हा मीही तिथे होते. त्यांनी खिडकीतली ती फिल्म जवळ जाऊन बघितली. मग वही उघडून म्हणाल्या की इतकी वर्षं हे काम करतेय, त्या प्रश्नाला येस लिहिलेलं क्वचितच बघितलंय. लायसन्सवर सही केली आणि जाता जाता सल्ला दिला: दोन वर्षांनी रिन्यूअल येईल तेव्हा त्या जागी नुसतं 'सी फाइल' लिहा, सगळं परत लिहायची गरज नाही. मावशींनी मान डोलावली. मान डोलावणं म्हणजे ऐकणं नव्हे, हे मिसेस पार्करना अजून माहीत नव्हतं.

सोमवारी पावणेसातला बार्बरा टॉमीला घेऊन दारात उभी. टॉमीने स्वतःच कोट काढला आणि पाठ फिरवून उभा राहिला. दुसरी मी. मावशींनी मुग्धाची पाठ ऐकली आणि मला म्हणाल्या, "गोधडीला साबणाचा वास येतोय. किती वेळा धुतलीस?" मी म्हटलं, दोनदा. "बरं केलंस, मळली होती," म्हणाल्या, आणि तो विषय तिथे संपला. मला मात्र अजून संपल्यासारखा वाटत नाही.

सामंतांची मुलं एप्रिलमध्ये परत आली. धाकटा नव्या ठिकाणी जेवेना. डॉक्टर स्वतः सोडायला आले, लांब ओव्हरकोट, हातात बॅग, नजर खाली. मावशींनी दोन्ही मुलांच्या पाठी ऐकल्या. मग म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्हीही वळा."

"मी?"

"कोट काढा आणि वळा."

मी डोळ्यांनी पाहिलंय. शिकागोतल्या मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर सामंत पोर्चवर कोट काढून पाठमोरे उभे राहिले आणि विमलमावशींनी टाचा उंचावून त्यांच्या पाठीला कान लावला. "घ्या श्वास. मोठा घ्या. सोडा." बराच वेळ ऐकलं. मग म्हणाल्या, "स्वच्छ आहे. जा कामाला." डॉक्टरांनी थँक यू म्हटलं.

आम्ही शहाऐंशीत टेक्सासला गेलो. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मुग्धाला भेटवायला त्यांच्याकडे घेऊन गेले. लायसन्सच्या रिन्यूअलचा फॉर्म आलेला होता. मावशी टेबलाशी बसून लिहीत होत्या, मांडीवर एक नवीनच आलेली छोटी मुलगी, खिडकीत तीच फिल्म, कडा आता पिवळ्या पडलेल्या. काका समोर बसले होते. ते म्हणाले, "अगं, सी फाइल लिही की. पार्करबाईंनी सांगितलंय ना. कशाला उगाच."

"फाइलमध्ये ती आहेच," मावशी म्हणाल्या. "इथेही असू दे."

मांडीवरच्या मुलीने इंग्लिशमध्ये विचारलं, काय लिहितेस?

"माझ्या मोठ्या बहिणीचं नाव," मावशी मराठीतच म्हणाल्या. "आम्ही पाच बहिणी."

त्यांनी येस लिहिलं. मग पुढच्या रेघेवर, एकेक अक्षर सुटं, पेन दाबून दाबून, गोदावरी लिहिलं. लिहून झाल्यावर पांढरी कॉपी उचलली, पिवळी उचलली, आणि गुलाबी कॉपीवर नाव नीट उमटलंय का ते उजेडाकडे धरून बघितलं. शेवटचं अक्षर थोडं पुसट होतं. त्यांनी कागद परत जुळवून ठेवले आणि ते अक्षर पुन्हा गिरवलं.